एवढा महाग रंधा नक्की करतो काय?

परवा एक मित्र घरी आला होता. गॅलरीत माझं सुतारकामाचं दुकान मांडलेलं असतं, ते बघत बघत त्याने लोखंडी रंधा उचलला, आधी म्हणाला "बापरे, केवढा जड आहे रे", मग "केवढ्याला पडला?", आणि आकडा ऐकल्यावर काहीच बोलला नाही, दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवून दिला. चहा पिताना मात्र सुरू झाला, की अरे लाकूड गुळगुळीतच करायचंय ना, मग पॉलिश पेपर घास की, नाहीतर तो मशीनचा रंधा मिळतो घर्र करणारा, तो घे. प्रश्न रास्त आहे. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

आधी पॉलिश पेपरचं सांगतो. पेपर म्हणजे कागदाला चिकटवलेले बारीक खडे, ते लाकडावर ओरखडे काढतात, पेपरचा नंबर वाढवत गेलं की ओरखडे बारीक होत जातात एवढंच, आणि निघालेली पूड लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. रंधा कापतो. चांगल्या धारेने कापलेल्या सागावर खिडकीतला उजेड पडला की तेलाचा थेंब न लावता चमक दिसते आणि रेषा उठून येतात. मशीनचा रंधासुद्धा कापतोच, पण त्याची पाती फिरत्या ड्रमवर असतात, ती एकामागून एक छोटे घास घेत जातात त्यामुळे फळीवर बारीक लाटा राहतात, आधी कळत नाहीत आणि पॉलिश झाल्यावर आडव्या उजेडात सगळ्या दिसतात. काम भरभर उरकायला मशीन उत्तमच आहे, माझ्याकडेही आहे, पण शेवटचा हात हाताच्या रंध्याचाच.

आता रंधा म्हणजे काय तर ठोकळ्यात तिरकी घट्ट धरलेली पटाशी. नुसती पटाशी हातात घेऊन फळी तासायला गेलात तर कधी खोल जाते कधी वर येते, रंध्याचा तळ तिला सांगतो की बाई तू एवढीच खाली जायचंस. सगळी गंमत या "एवढीच" मध्ये आहे. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि शेवटचा हात मारताना निघणारी साल ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे कागदाच्या अर्धी किंवा त्याहूनही कमी. (ढलपी म्हणत नाहीये मुद्दाम, ढलपी म्हटलं की जाडजूड काहीतरी डोळ्यासमोर येतं, ही साल वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची बातमी वाचता येते.)

एवढं पातळ कापायची गरज का पडते, तर लाकूड फाटतं म्हणून. ऊस दाताने सोलून खाल्लाय ना? साल दातात धरून ओढली की कधी ती पातळ निघते आणि कधी एकदम खोल जाऊन आतला गर घेऊनच येते. तिथे दात काही कापत नाहीत, साल उचकटली जाते आणि फट दाताच्या पुढे पुढे पळते. रंध्यात अगदी हेच होतं. पातं लाकडात शिरलं की वरची साल उचलली जाते, ती ताठ असली तर धारेच्या पुढेच लाकूड फुटायला लागतं, मग ती फट तंतूंच्या दिशेने जाते. तंतू वर येत असतील तर फट वर येऊन संपते, काही बिघडत नाही. तंतू खाली जात असतील तर फट खाली जाते आणि फळीवर खड्डे पडतात. खराट्याच्या काड्या जमिनीवर तिरक्या धरून एकदा इकडून आणि एकदा तिकडून हात फिरवून बघा, सुलटं उलटं लगेच कळेल. म्हणून सुतार फळी हातात आली की आधी बाजूने बघतो, रेषा कुठे चालल्यात ते, आणि मग ठरवतो कुठून मारायचं. सागाला बहुतेक वेळा एवढं पुरतं. पण शिसवासारख्या लाकडात एक थर इकडे झुकलेला आणि शेजारचा तिकडे, तिथे सुलटी बाजूच नसते, कुठूनही मारा, अर्धी फळी उलटीच.

यावर उपाय चार, आणि चांगल्या रंध्यात काय असतं ते याच उपायांवरून समजतं.

पहिला म्हणजे धार आणि पातळ साल, कारण पातळ सालीत लाकूड उचकटण्याएवढी ताकदच नसते. दुसरा, रंध्याचं तोंड म्हणजे तळाला पातं जिथून बाहेर येतं ती खाच, ती अगदी बारीक ठेवायची, म्हणजे धारेच्या जस्ट पुढे तळ लाकडाला दाबून धरतो आणि फट पुढे पळू शकत नाही. तिसरा, पात्याचा कोन वाढवायचा. साधारण लोखंडी रंध्यात पातं ४५ अंशांवर बसवलेलं असतं, ते ५० किंवा ५५ केलं की साल उचलली जायच्या ऐवजी लगेच मोडून वळते, फाटणं कमी होतं, पण ढकलायला जोर लागतो आणि पृष्ठभाग किंचित मंद दिसतो.

चौथा उपाय म्हणजे पात्यावर बसवलेलं दुसरं लोखंड, चिपब्रेकर. हे आपल्याकडच्या डबल पात्याच्या रंध्यातही असतं आणि बहुतेकांना, मलासुद्धा कित्येक वर्षं, वाटत होतं की हे पात्याला दाबून धरायला आहे. खरं काम वेगळंच. ते धारेच्या अगदी जवळ आणलं की साल वर आल्या आल्या त्याला धडकते आणि जागेवरच मुडपते, ताठ राहातच नाही, मग उचकटणार कसं? जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या दोन प्राध्यापकांनी हे कॅमेऱ्यात अगदी जवळून टिपलं होतं, आणि ती फिल्म २०१२ च्या सुमारास जगभरच्या हौशी लोकांमध्ये फिरली तेव्हा बऱ्याच जणांनी आपापले रंधे परत खोलून बसवले. गंमत अशी की चिपब्रेकर धारेपासून साधारण ०.१ मिलिमीटरवर हवा, अर्धा मिलिमीटर मागे गेला की असून नसल्यासारखा. मी हे करायला बसलो त्या रात्री पहिल्यांदा स्क्रू आवळताना तो पुढे सरकला आणि थेट धारेच्या पुढे गेला, दुसऱ्यांदा तिरका बसला, तिसऱ्यांदा बसला बरोबर आणि मग शिसवाचा जो तुकडा मी वर्षभर नालायक म्हणून कपाटामागे टाकला होता तो उलट्या बाजूने मारला तर खड्डा नाही! बायकोला उठवून दाखवला. तिला झोप होती.

आता तळ. इथून पुढे पैशांचं कोडं उलगडायला लागतं.

पन्हाळीच्या पत्र्यावर शिडी आडवी टाका, ती फक्त उंचवट्यांवर टेकेल. तेच मांजर चालत गेलं तर प्रत्येक पन्हाळीत उतरेल आणि चढेल. लांब रंधा शिडीसारखा, तो आधी उंचवटेच कापतो आणि उंचवटे संपेपर्यंत खळग्यांना हात लावत नाही, त्यामुळे फळी सरळ होते. छोटा रंधा मांजरासारखा, तो सगळीकडे फिरतो, फळी गुळगुळीत करतो पण सरळ करत नाही. म्हणून रंध्यांचे नंबर असतात. अमेरिकेत बोस्टनचा लिओनार्ड बेली म्हणून एक जण होता, लोखंडी रंध्याची आज जी रचना आपण बघतो, मागे पितळी चाक, ते फिरवलं की पातं वरखाली, ती मुख्यतः त्याची. स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये त्याचा धंदा विकत घेतला आणि १ ते ८ नंबर जगभर रूढ झाले, इतके की आज दुसऱ्या कंपन्याही तेच नंबर वापरतात. ४ नंबर साधारण ९ इंची, शेवटचा हात मारायचा. ५ नंबर १४ इंची, पडेल ते काम करणारा. ७ नंबर २२ इंची, दोन फळ्या जोडायच्या आधी कडा सरळ करायला. एकच घ्यायचा तर मी म्हणेन ५ घ्या, लोक ४ म्हणतील, भांडत बसू नका.

तर तळ फळीला जे काही करणार ते स्वतःसारखंच करणार. तळ वाकडा तर फळी वाकडी. आणि ०.०३ मिलिमीटरची साल काढायची तर तळाचं टोक, तोंडाच्या आजूबाजूचा भाग आणि शेपूट हे तिन्ही एका पातळीत हवेत. तोंडापाशी तळ सालीच्या जाडीपेक्षा जास्त आत गेलेला असेल तर पातं नुसतं हवेत राहतं, मग माणूस काय करतो, पातं आणखी बाहेर काढतो, आणि मग एकदम मोठा घास बसतो आणि खड्डा. "कधी कापतच नाही, कधी एकदम खातो" ही जी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं, धारेत नसतं.

बरं, सपाट म्हणजे काय आणि ते करायचं कसं? सोपं वाटतं ना? माझा पहिला रंधा स्वस्तातला होता, कंपनीचं नाव जाऊ दे. गुण्याची कड तळावर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरली तर मधून उजेडाची चंद्रकोर दिसली. म्हटलं घासू. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, दोन रविवार घासला, खांदे दुखले, गॅलरीत काळा चिखल झाला, आणि मग परत उजेडात बघितलं तर आता उलटी चंद्रकोर, म्हणजे मध्ये उंच आणि टोकं खाली. पेपरवर पुढे-मागे घासताना दोन्ही टोकं जास्त झिजतात हे मला नंतर कळलं.

यातली अडचण इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली मांडली होती. दोन लोखंडी पाट एकमेकांवर बसवत बसवत खरवडले तर ते एकमेकांत बसतात, पण बसतात म्हणजे सपाट आहेत असं नाही. जात्याचं बघा की, वरचा आणि खालचा दगड झिजून झिजून एकमेकांत छान बसलेले असतात, एक फुगीर दुसरा खोलगट. म्हणून तिसरा पाट घ्यायचा. पहिला दुसऱ्याशी जुळवा, पहिला तिसऱ्याशी, मग दुसरा तिसऱ्याशी. पहिला फुगीर असेल तर बाकीचे दोघे खोलगट होणार आणि ते दोघे एकमेकांसमोर आले की चोरी पकडली जाणार. तिघे आलटून पालटून, मधूनमधून आडवे फिरवूनही, सगळ्यांशी जुळले तर ते सपाटच, दुसरी शक्यताच नाही. मोजायचं कुठलंही यंत्र न वापरता शून्यातून सपाटी निर्माण होते, मला हे अजूनही जादूसारखं वाटतं. कारखान्यातली सपाट प्लेट, ग्राइंडिंगचं मशीन, त्यावर घासलेला रंध्याचा तळ, ही सगळी त्याच प्लेटची पिल्लं.

पण एकदा सपाट केलेलं लोखंड सपाट राहतं का? नाही राहत. बिडाचं ओतकाम थंड होताना पातळ भाग आधी थंड होतो आणि जाड नंतर, त्यामुळे आत ओढाताण अडकून बसते. वरचा थर मशीनने काढला की ती ओढाताण मोकळी होते आणि अख्खा तुकडा हळूहळू वळतो, आज सपाट, सहा महिन्यांनी केळं. जुन्या काळी यावर उपाय म्हणून ओतलेले तुकडे कारखान्याच्या अंगणात ऊनपावसात पडू द्यायचे, लोणच्यासारखे मुरायला, आणि मग मशीनवर घ्यायचे. आता भट्टीत ठराविक तापमानाला तापवून हळू थंड करतात. महाग रंध्यात एक पैसा या थांबण्याचा असतो आणि स्वस्त रंध्यात नेमकं तेच वाचवलेलं असतं. शिवाय साधं बीड हातातून फरशीवर पडलं की कपासारखं फुटतं, म्हणून अमेरिकेतल्या मेन राज्यातली ली-नीलसन किंवा कॅनडातली व्हेरिटास अशा कंपन्या डक्टाइल लोखंड वापरतात, ते पडल्यावर पोचा येईल पण दोन तुकडे होणार नाहीत. यांचा ४ नंबर ३०० डॉलरच्या आसपास किंवा वरच जातो, आणून इथे पडेपर्यंत आणखी.

उरलेला पैसा न हलण्याचा. पातं कापत असताना लाकूड त्याला मागे ढकलतं, ते किंचित वाकतं, मग सुटून पुढे येतं, परत वाकतं, आणि फळीवर बारीक पायऱ्यापायऱ्या उमटतात, हाताला थरथर जाणवते. पूर्वीची कारखान्याची पाती साधारण २ मिलिमीटर, आता चांगल्या रंध्यात ३ च्या वर. पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं तिला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, चक्क बेडूक, ती स्वस्त रंध्यात चार ठिकाणी टेकते आणि रंग लावून सोडलेली असते, महागात पूर्ण घासलेली. मागचं चाकही बघा, स्वस्त रंध्यात ते अर्धा फेरा नुसतंच फिरतं आणि मग कुठे पातं हलायला लागतं, सायकलच्या सैल ब्रेकसारखं. त्यावर फुकटचा उपाय आहे, पातं खोल गेलं तर आधी पूर्ण मागे घ्यायचं आणि मग पुढे आणत आणत थांबायचं, शेवटची हालचाल नेहमी पुढची, नाहीतर तो झोल मागे राहतो आणि काम करताना पातं आपोआप आत सरकतं.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल की म्हणजे अचूक काम लोखंडी रंध्याशिवाय होतच नाही, तर थांबा. जपानी कान्ना बघा. ओकचा एक ठोकळा, त्यात जाड पातं, ना चाक ना स्क्रू, पातं पुढे घ्यायचं तर पात्याच्या डोक्यावर हातोडी, मागे घ्यायचं तर ठोकळ्यावर हातोडी, आणि ढकलायचा नाही, स्वतःकडे ओढायचा. तिकडे केझुरोकाई नावाचे मेळावे भरतात, तिथे कोण सगळ्यात पातळ साल काढतो याची स्पर्धा असते, आणि १० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या, खालची साल निघते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. त्याचा लाकडी तळ मुद्दाम पूर्ण सपाट ठेवत नाहीत, दोनतीन ठिकाणीच टेकेल असा बाकीचा खरवडून काढतात, आणि हवा बदलली की लाकूड हलतं म्हणून परत परत करतात. म्हणजे अचूकपणा तिथेही आहेच, फक्त तो कारखान्याने करून दिलेला नाही, रोज सकाळी त्या माणसाने केलेला आहे. लोखंडी रंध्यात तुम्ही ती रोजची सकाळ विकत घेता.

धार मात्र कुणीच विकत देत नाही. नव्या पात्याची पाठ आरशासारखी करावी लागते कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ, त्यातला एक खडबडीत असेल तर रेघही खडबडीतच. पुढून २५ अंशाला ग्राइंड केलेलं असतं, त्याच्या टोकाशी ३० अंशाची बारीक पट्टी काढायची, आधी धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर, पाठीमागे बोटाला बारीक काठ लागेपर्यंत, मग ६००० किंवा ८००० वर, मग चामड्यावर चार हात. सागात सिलिका असते, ती धार खाते, अर्ध्या दिवसात परत दगडाशी. म्हणून बजेट कमी असेल तर रंधा मधला घ्या आणि दगड चांगला घ्या. आणि पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल पुसून जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवा, माझ्या एका पात्यावर एका जुलैत नकाशा उमटलाय.

आमच्या मागच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत, हल्ली त्यांचंही काम प्लायवूड आणि सनमायकाचंच जास्त, पण बाभळीच्या ठोकळ्याचा, पाचर मारलेला रंधा अजून फळीवर असतो. त्यांच्याकडे माझा ४ नंबर घेऊन गेलो. त्यांनी आधी अंगठा आडवा फिरवून धार बघितली, उलटा करून एक डोळा मिटून तळ बघितला, मग सागाच्या एका तुकड्यावर एकच हात मारला, आणि साल वर येताना बघतच राहिले. ती उचलली, फुंकर मारली, उडाली. "काय साहेब, केवढ्याला?" सांगितलं. काकांनी रंधा परत दिला नाही, उलट लिव्हर ढिली करून पातं बाहेर काढलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, आणि म्हणाले, "हे नुसतं पातं मिळतं का वेगळं?"

मिळतं. मागवलंय. पण त्यांच्या रंध्याचा घसा जुन्या पातळ पात्याच्या मापाचा आहे, तीन मिलिमीटरचं आत शिरायला बाभूळ कोरावी लागणार, आणि काका म्हणतात की आता पावसात ठोकळा फुगलेला आहे, दिवाळीनंतर बघू.